विटांचे जहाज

जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'चे तिसरे प्रकरण एका जहाजाच्या दर्शनाने संपते. सँडीमाउंटच्या वाळूत उभा असलेला स्टीफन मागे वळून पाहतो, तेव्हा शिडे गुंडाळलेले एक तीन डोलकाठ्यांचे जहाज निःशब्दपणे डब्लिनकडे सरकत असते. डोलकाठ्यांवरील आडव्या काठ्यांत क्रूस पाहण्याची रीत आता रूढ आहे. वर्गात आपण त्या क्रूसापाशीच थांबतो. पण पुढे कादंबरीच सांगते, की हे 'रोझवीन' ब्रिजवॉटरहून विटा घेऊन आले होते. त्या विटांपर्यंत आपण सहसा जात नाही.

आयरिश समुद्रात १८२० च्या दशकातच वाफेच्या बोटींची नियमित ये-जा सुरू झाली होती. तरीही अवजड, स्वस्त आणि घाई नसलेला माल शतक संपेपर्यंत शिडाच्या जहाजांकडेच राहिला. व्हाइटहेवनचा कोळसा आणि वेल्समधील पाटीचा दगड ती आणीत. परतीचा माल मिळाला नाही, तर तोल राखण्यापुरते दगड भरून निघत. वाऱ्याला दाम पडत नव्हता. ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या लहान बंदरांतही ही गलबते चिखलात टेकून माल उतरवू शकत. शिवाय स्कूनर चालवायला चार-सहा माणसे पुरत. त्यांत एखादा पोऱ्या असे आणि स्वयंपाकही बहुधा त्याच्याच गळ्यात पडे.

या माणसांकडे कायद्याचे लक्ष उशिरा आणि अर्धवटच गेले. १८५० च्या कायद्याने परदेशी जाणाऱ्या जहाजांच्या कप्तानांना प्रमाणपत्र सक्तीचे केले. किनारी मालवाहू जहाजांना ती सक्ती नव्हती. सॅम्युएल प्लिम्सॉलच्या आंदोलनातून १८७६ मध्ये जहाजांवर भाररेषा आली. तीमधूनही केवळ किनारी व्यापारातली ८० टनांखालची जहाजे वगळली गेली.

९ फेब्रुवारी १८६१ रोजी किंग्जटाउनच्या, म्हणजे आजच्या डन लिअरीच्या, धक्क्यावर वादळात कोळशाची जहाजे आपटली. त्यांवरील खलाशांना वाचवताना नौदलाचे कप्तान जॉन मॅक्नील बॉइड आणि त्यांचे पाच सहकारी बुडाले. बॉइड यांचा पुतळा डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये उभा आहे, आणि तो योग्यच आहे. पण ज्यांच्यासाठी त्यांनी उडी घेतली, त्या कोळसेवाल्या खलाशांचा शोध घ्यायचा, तर कागदांकडेच वळावे लागते.

ते कागद म्हणजे खलाशांचे करारपट. नाव, वय, जन्मगाव, आधीचे जहाज, हुद्दा आणि शेवटी सही. लिहिता न येणाऱ्याच्या नावापुढे नुसती फुली. आयर्लंडमध्ये नोंदलेल्या जहाजांचे १८६३ पासूनचे असे पट डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. 'युलिसिस' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १९२२ मध्ये, फोर कोर्ट्समधील अभिलेखागार जळाले आणि आयर्लंडची असंख्य दप्तरे नष्ट झाली. हे ध्यानात घेतले, तर या पटांचे मोल कळते.

कादंबरीत 'रोझवीन'वरून उतरलेला मर्फी रात्री लांबलचक कथा सांगतो. त्या कितपत खऱ्या, याचा ब्लूमला संशय येतो. खलाशाचा आवाज साहित्यात आला, तोही असा, अविश्वसनीय निवेदक म्हणून. करारपटावरची फुली तेवढेही बोलत नाही. परंतु एक माणूस अमुक जहाजावर चढला होता, एवढे ती निश्चित सांगते. क्रूसाचा अर्थ लावायला शिकलेल्या वाचकाला ही फुलीही वाचता यायला हवी.