अपुऱ्या सुधारणा आणि खेळाडूंची गाऱ्हाणी : ‘ईव्ह ऑनलाइन’ (2007–2011)

संगणकविद्येत ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, हा शब्द आला तेव्हा तो शब्दशः खरा होता. छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर आज्ञावली उमटविली जाई, आणि चूक आढळली की तेवढा भाग काढून त्या जागी दुरुस्त तुकडा डकवीत असत. ठिगळ लावणारा आणि ते वापरणारा पुष्कळदा एकाच दालनात बसलेले असत. जाळ्यावरील खेळांत हे नाते पालटले. येथे ठिगळ लावतो मालक. ते एकाच दिवशी सर्वांच्या यंत्रांवर बसते. आणि ज्याला ते नको असेल त्याला खेळाचे दार बंद होते. बुद्धिबळाचा पट मांडून बसलेल्या दोघांवर असा प्रसंग कधी येत नाही. घाईने व अपुऱ्या चाचणीनिशी आलेल्या सुधारणांविषयी खेळाडूंत जो संताप आढळतो त्याचे मूळ ह्या परावलंबनात आहे. मात्र तो संताप दोषाच्या आकारमानानुसार वाढतो असे मानणे चूक ठरेल. ‘ईव्ह ऑनलाइन’चा इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

अवकाशयानांचा हा खेळ आइसलंडमधील सीसीपी ह्या कंपनीने 6 मे 2003 रोजी प्रसिद्ध केला. अशा प्रकारच्या बहुतेक खेळांत एकाच जगाच्या अनेक प्रती करून खेळाडूंची वाटणी केलेली असते. येथे, चीनमधील स्वतंत्र व्यवस्था वगळता, सर्वजण एकाच जगात वावरत. बाजारपेठ एक, युद्धे एक, आणि म्हणून बिघाडही सर्वांचा एक. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात व हिवाळ्यात, मोठी सुधारणा ‘विस्तार’ ह्या नावाने येई. हे नावच बोलके आहे. नवा प्रदेश जोडण्याची ती भाषा होती. जुन्या घराच्या डागडुजीला तीत शब्द नव्हता.

5 डिसेंबर 2007 रोजी ‘ट्रिनिटी’ हा विस्तार आला. खेळाच्या स्वतःच्या संचिकांमध्ये ‘बूट.आयएनआय’ नावाची एक जुनी संचिका होती व ती काढून टाकावयाची होती. दुर्दैवाने विंडोज एक्सपी ह्या कार्यप्रणालीतही नेमक्या त्याच नावाची संचिका असे, आणि संगणक सुरू होताना कार्यप्रणाली कोठे शोधावयाची हे तीत नमूद असे. आज्ञेतील मार्ग लिहिताना एका तिरप्या रेघेची चूक झाली आणि काही यंत्रांवर खेळाऐवजी कार्यप्रणालीची संचिका पुसली गेली. ज्यांच्या यंत्राची रचना नेहमीची होती त्यांचे तरून गेले. इतरांचा संगणक सुरूच होईना. खेळाच्या सुधारणेने खेळाबाहेरची मालमत्ता निकामी करावी, ह्याहून गंभीर दोष कल्पिणे कठीण आहे. तरीही त्यातून चळवळ उभी राहिली नाही. चूक कशी घडली हे कंपनीने थोड्याच दिवसांत तांत्रिक तपशिलासह जाहीर केले, त्या तिरप्या रेघेसकट.

1 डिसेंबर 2009 रोजी आलेल्या ‘डोमिनियन’ ह्या विस्तारानंतरचा प्रकार निराळा होता. शेकडो याने एकत्र आली की खेळ गोठू लागे. आज्ञा दिल्यावर कित्येक मिनिटे काही घडत नसे आणि पडद्यावर चित्र उमटण्यापूर्वीच यान नष्ट झालेले असे. हा दोष चाचणीत सापडणे खरोखरच अवघड होते, हे कबूल केले पाहिजे. हजार माणसांची गर्दी कोणत्याही परीक्षाघरात जमवता येत नाही. ती खेळाडूच जमवू शकतात. त्यासाठी ‘सिंग्युलॅरिटी’ नावाची चाचणीची वेगळी व्यवस्था होती व तेथे खेळाडूंना सामुदायिक चाचणीसाठी बोलावण्यातही आले. खेळाडू आले. म्हणजे ग्राहक विनामूल्य परीक्षक झाला. आणि ज्याच्याकडून परीक्षा करवून घ्यावयाची त्याचा अहवाल वाचण्याचे बंधनही मग येते. जून 2010 मध्ये खेळाडूंच्या निर्वाचित परिषदेला रेक्याविक येथे जे सांगण्यात आले ते ह्या पार्श्वभूमीवर पाहावे. जुनी अपुरी अंगे दुरुस्त करण्यास सुमारे 18 महिने मनुष्यबळ उपलब्ध होणार नाही, असे ते उत्तर होते. मनुष्यबळ नव्या कामांत गुंतले होते.

त्या नव्या कामांपैकी एक, ‘इनकार्ना’, 21 जून 2011 रोजी प्रसिद्ध झाले. तोपर्यंत स्थानकात उतरलेल्या खेळाडूला आपले यान समोर दिसे व ते गरगर फिरवीत बसण्याचा निरर्थक चाळा अनेकांना प्रिय होता. आता त्या दृश्याच्या जागी एक खोली आली. तीत खेळाडूचे मानवी रूप चालू शके. खोलीला दार होते, पण ते उघडत नसे. खेळात वंश चार असून खोली एकाच वंशाच्या धर्तीची तयार झाली होती. यंत्रे तापतात अशा तक्रारी आल्या. खोली नको म्हणणाऱ्यास केवळ एक स्थिर चित्र मिळे. त्याबरोबरच शोभेच्या वस्तूंचे दुकान उघडले. त्यातील एकाक्ष चष्म्याची किंमत 60 डॉलरांहून अधिक पडे, जेव्हा खेळाची मासिक वर्गणी 15 डॉलरांच्या आसपास होती. त्याच सुमारास कंपनीचे एक अंतर्गत पत्रक बाहेर फुटले. खेळात प्रत्यक्ष लाभ देणाऱ्या वस्तू विकाव्यात काय, ह्याची चर्चा त्यात होती.

एका चष्म्यासाठी बंड झाले असे पुष्कळदा लिहिले जाते. ते वरवरचे आहे. चष्मा हे निमित्त होते. गाऱ्हाणे दीड वर्षाचे होते. खेळाडू जिता ह्या व्यापारी केंद्रात शेकडोंनी जमले आणि तेथील एका स्मारकावर तासन्‌तास गोळीबार करीत राहिले. ते स्मारक फुटणारे नव्हते, हे प्रत्येकाला ठाऊक होते. अनेकांनी वर्गणी बंद केली. कंपनीने परिषदेला तातडीने पाचारण केले व 30 जून आणि 1 जुलै रोजी रेक्याविक येथे बैठक झाली. येथे एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे : ही परिषद मुळात 2007 मधील दुसऱ्या एका गाऱ्हाण्यातून जन्मली होती. कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने एका गटाला अनुचित लाभ दिल्याचे उघड झाले, आणि 2008 मध्ये पहिली निवडणूक झाली.

ऑक्टोबर 2011 मध्ये कंपनीचे प्रमुख हिल्मार व्हेइगार पेतुर्सोन ह्यांनी खेळाडूंना उद्देशून क्षमायाचनेचे पत्र लिहिले. त्याच महिन्यात सुमारे 20 टक्के कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले. निर्णयाची किंमत निर्णय न घेणाऱ्यांनीही मोजली, ही बाजू खेळाडूंच्या विजयकथांत क्वचितच येते. 29 नोव्हेंबर रोजी ‘क्रूसिबल’ आला. त्यात नवा प्रदेश नव्हता. लहानमोठ्या दुरुस्त्यांची रास होती, आणि यानाचे ते जुने दृश्यही परत आले. मोठ्या युद्धांतील कोंडीवर जानेवारी 2012 मध्ये ‘कालविस्तारण’ हा उपाय योजण्यात आला : गर्दी वाढली की खेळातील काळच मंदावतो, प्रसंगी मूळ गतीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत. वर्षाला दोन विस्तारांची ठरीव प्रथा मात्र 2014 पर्यंत टिकली. नंतर तिच्या जागी दर काही आठवड्यांनी लहान सुधारणा येऊ लागल्या, म्हणजे जे तयार नसेल ते पुढच्या खेपेस ढकलण्याची सोय झाली.

खोलीचे काय झाले? ‘क्रूसिबल’बरोबर उरलेल्या तीन वंशांच्या खोल्याही मिळाल्या. ऑगस्ट 2017 मध्ये चारही काढून टाकण्यात आल्या. त्या वापरणारे फार थोडे उरले होते आणि त्यांची देखभाल महाग पडत होती.