गांडूळखताच्या कुंडीतील माश्या व चिलटे

घरातला ओला कचरा गांडुळांकडून कुजवून घेताना कुंडीत, टबात किंवा जुन्या माठात वाढणारे दोन पंखांचे कीटक. ते गांडुळांना खात नाहीत. गांडुळांच्या भुकेपेक्षा जास्त पडलेल्या आणि उघड्या राहिलेल्या अन्नावर ते पोसले जातात. म्हणून फवारणी करू नये: कीटकनाशकाने माश्यांआधी गांडुळेच मरतात.

सर्वांत त्रासदायक ते लाल डोळ्यांचे बारीक चिलट (ड्रोसोफिला). आंबू लागलेल्या फळांवर ते अंडी घालते आणि ही अंडी बहुधा केळ्या-आंब्यांच्या सालींवरूनच घरात येतात. 25 अंश सेल्सिअसला अंड्यापासून माशी होण्यास सुमारे 10 दिवस लागतात, त्यामुळे चूक आज होते आणि दिसते पुढच्या आठवड्यानंतर. साली उकळत्या पाण्यातून काढून, पूर्ण निथळून, गार करूनच कुंडीत घालाव्यात. काळपट, लांब पायांची चिलटे (सायारिडी कुल) दिसली, तर वरचा थर भिजट झाला आहे व त्यावर बुरशी धरली आहे असे समजावे. घरमाशी मुख्यतः शेण, मांस-मासळी व शिळ्या भातावर येते.

अन्न कोपऱ्यात चार बोटे खोल पुरून वर कोरड्या अंथरुणाचा जाड थर देणे, हा खरा उपाय. भंडारा जिल्हा धानाचा असल्याने तुमसर तालुक्यातील चिखल्यासारख्या मँगनीज खाणीच्या गावीही तणस (भाताचा पेंढा) सहज मिळते. बारीक चिरलेले तणस यासाठी उत्तम. या थराखालचे मूठभर अंथरूण दाबल्यावर एकदोन थेंब गळावेत. धार लागली तर ओल जास्त.

ओलीचा हा अंदाज ऋतूप्रमाणे बदलावा लागतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, 35 अंशांपुढे गांडुळे तग धरत नाहीत. तेव्हा कुंडी सावलीत ठेवून वरचे गोणपाट रोज भिजवावे लागते. मृगाचा पाऊस लागला की तीच सवय घातक ठरते. आंब्याच्या सालींचा ढीग आणि दमट हवा एकत्र येतात, चिलटांचा सुकाळ होतो. त्या दिवसांत शिंपण बंद करून कोरडे तणस वाढवावे.

चिलटे झालीच, तर दोन आठवडे नवे अन्न घालू नये. गांडुळे अंथरुणावर व उरलेल्यावर भागवतात. बाहेर वाटीत व्हिनेगर व साबणाचा थेंब ठेवल्यास उडणारी चिलटे अडकतात, आतल्या अळ्या मात्र तशाच राहतात.