करुणाच्या जागी हास्य

१७ जानेवारी १९९४ रोजी अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ सुटी होती. त्या दिवशी कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी, कॅसलमाँट हायस्कूलचे सुमारे ७० विद्यार्थी ग्रँड लेक चित्रपटगृहात ‘शिंडलर्स लिस्ट’ हा चित्रपट पाहावयास गेले होते. पडद्यावर एका ज्यू स्त्रीला नाझी गोळी घालतात, त्या वेळी यांपैकी काही मुले हसली. शेजारचे प्रेक्षक संतापले व त्यांनी तक्रार केली. मालकाने खेळ थांबवून दिवे लावले आणि साऱ्या विद्यार्थ्यांस बाहेर काढले. मागे उरलेल्यांनी टाळ्या वाजविल्या.

मालकाचे कृत्य कायद्यात बसणारे होते. तिकीट घेऊन शिस्तीने बसलेल्या प्रेक्षकास खेळ संपेपर्यंत बसण्याचा हक्क आहे, असे इंग्लंडमधील अपील न्यायालयाने १९१४ साली हर्स्ट नामक प्रेक्षकाच्या दाव्यात ठरविले. परंतु ‘शिस्तीने’ हीच त्या हक्काची अट होय. तेव्हा दंगा करणाऱ्यास उठविता येते. मात्र हसली ती काही मुले, आणि दंड झाला तो सर्वांस. शिवाय न्यायाधीश ज्यास ‘हेतू’ म्हणतात, त्याचा विचार त्या काळोखात कोण करणार?

तो विचार पुढे वृत्तपत्रांनीही फारसा केला नाही. विद्यार्थी बहुतांशी कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाचे. तेव्हा हे हसू ज्यूद्वेषाचे, असा निष्कर्ष अनेकांनी तत्काळ काढला. आरोप सामान्य नव्हता. पडद्यावरचा आमोन ग्योट हा कल्पित खलनायक नव्हे. तो क्राकूव्हजवळील प्वाशूव छळछावणीचा अधिकारी, आणि १९४६ साली पोलंडमध्ये रीतसर खटला चालून त्यास फाशी झाली. नाझींनी मारलेल्या ज्यूंची संख्या सुमारे ६० लाख. ज्याचे आप्त त्यांत गेले, अशा प्रेक्षकाच्या कानी ते हसू पडले असेल, तर त्याची व्यथा कोणत्याही खुलाशाने कमी होणारी नव्हे.

तथापि व्यथा खरी असली म्हणजे आरोप सिद्ध होतो, असे नाही. या मुलांना त्या इतिहासाची पुरेशी ओळख करून न देताच तेथे नेले होते. त्यांतील अनेकांच्या वस्तीत बंदुकीने होणारे मृत्यू नवे नव्हते. आणि पडद्यावरील गोळीबार तर त्यांनी आजवर करमणूक म्हणूनच पाहिलेला.

आपल्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. युद्ध, मरण, नगराचा वेढा इत्यादी गोष्टी रंगभूमीवर प्रत्यक्ष न दाखविता प्रवेशकातून सुचवाव्यात, असे नाट्यशास्त्र सांगते. अभिनवगुप्ताने त्यावरील टीकेत रसास्वादाच्या मार्गातील सात विघ्ने गणिली आहेत. समोरचे संभवनीय न वाटणे, हे त्यांतील पहिले. स्वतःच्याच सुखदुःखाने मन व्यापलेले असणे, हे आणखी एक. ओकलंडमध्ये ही दोन्ही विघ्ने एकदम उपस्थित असावीत, असे मला वाटते. ज्यांना पोलंड कोठे, छळछावणी म्हणजे काय, हे ठाऊक नाही, त्यांना तो मृत्यू खरा वाटणार कसा? आणि ज्यांच्या घरी तसा मृत्यू येऊन गेला आहे, त्यांना रडण्यापेक्षा हसणे सोपे गेले असल्यास नवल काय? सहृदयता जन्मतः लाभत नाही, ती घडवावी लागते, हेच त्या शास्त्राचे सार आहे.

म्हणूनच या प्रसंगाचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा. विद्यार्थ्यांनी जाहीर क्षमा मागितली. छळछावण्यांतून वाचलेली माणसे त्यांच्या शाळेत आली व मुलांनी त्यांचे अनुभव ऐकले. एप्रिल १९९४ मध्ये दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग स्वतः राज्याच्या गव्हर्नरांसह शाळेत आला आणि मुलांशी बोलला. त्याच वर्षी त्याने स्थापिलेल्या संस्थेने पुढे वाचलेल्यांच्या व साक्षीदारांच्या ५० हजारांहून अधिक साक्षी चित्रित करून ठेविल्या. जे काम चित्रपटापूर्वी व्हावयाचे, ते नंतर का होईना, झाले.

त्या दिवशीच्या हशाचा निषेध करणे सोपे आहे, आणि तो करावाच. परंतु टाळ्यांचाही विचार झाला पाहिजे. कमकुवतांस रांगेत उभे करून हाकलणारी माणसे पडद्यावर पाहत असतानाच, मुलांचा एक घोळका बाहेर काढला जाताना आनंद वाटावा, हेही रसभंगाचेच लक्षण नव्हे काय? मुलांचे हसू अज्ञानाचे होते. ते शिकवून दूर करता आले. स्वतःस जाणते समजणाऱ्यांच्या टाळ्यांवर मात्र असा उपाय कोणी केल्याचे ऐकिवात नाही.