कयाकच्या अंगावरचे कापड

उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची कयाक म्हणजे वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे. कातडे पाणी अडवी, लाकूड आकार सांभाळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील मेन राज्यात सीडरच्या होड्यांवर कॅनव्हास चढवू लागले, तेव्हाही बळकटी लाकडाचीच होती.

कापडाकडे बळकटीचे काम आले ते काचेमुळे. १९३२ साली ओवेन्स-इलिनॉय या अमेरिकन कंपनीत डेल क्लाइस्ट हे तरुण संशोधक काचेचे ठोकळे सांधण्याच्या खटपटीत होते. वितळलेल्या काचेवर हवेचा झोत बसला आणि बारीक तंतू उडाले. पुढे या तंतूंचे सूत विजेच्या तारांभोवती निरोधक म्हणून गुंडाळू लागले. होड्यांसाठी आजही वापरतात त्या 'ई-काचे'तला 'ई' हा इलेक्ट्रिकलचा!

घरी होडी बांधणाऱ्यांपर्यंत ही काच पोचवली ती इंग्लंडने. केन लिटलडाइक यांनी प्लायवूडच्या कडा टाके घालून जुळवायच्या आणि सांध्यावर काचेच्या कापडाची पट्टी राळेने चिकटवायची, अशी पद्धत बसवली. १९६० च्या दशकात बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांच्या 'मिरर' या शिडाच्या छोट्या होडीमुळे ती लोकप्रिय झाली. टाका इथे राळ घट्ट होईपर्यंतच लागतो. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या शिवलेल्या गलबतांत मात्र काथ्याचा टाका जन्मभर भार वाहतो. त्या काळची पॉलिएस्टर राळ लाकडाला नीट धरत नसे. ओल शिरली की कापड पापुद्र्यासारखे सुटे. १९७० च्या सुमारास मिशिगनच्या गूजन बंधूंनी लाकडी होड्यांसाठी इपॉक्सीचा पुरस्कार केला, तेव्हा कुठे ही जोडी जमली.

दरम्यान, १९६५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांना टायरसाठी हलका तंतू शोधताना केवलार गवसला. त्याच दशकात जपान आणि इंग्लंडमध्ये कार्बनतंतूही आकाराला आला. मग काच मागे पडायला हवी होती. ती का पडली नाही?

कयाक खडकावर आदळते तो क्षण पाहू. तळ आत वाकतो. त्याची बाहेरची बाजू दाबली जाते, आतली ताणली जाते. केवलार ताणाला जबरदस्त, पण दाबाखाली त्याची ताकद जेमतेम पाचव्या हिश्श्यावर येते. म्हणून त्याची जागा आत. शिवाय घासताना त्याची लव निघते, म्हणजे बाहेर गुळगुळीतपणाही नाही. कार्बन काचेच्या तिप्पट ताठ, पण लांबीत दीड-दोन टक्के वाढ झाली की तुटतो. काच चार टक्क्यांपर्यंत तग धरते. लाकडाचा ताठपणा हाताशी असताना खडकाळ पाण्यासाठी कार्बनवर पैसा घालणे आम्हाला पटत नाही. चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम वजनाचे काचेचे कापड आतबाहेर आणि हवे तर तळाला आतून केवलारचा एक तुकडा, एवढे पुष्कळ झाले.

काचेची आणखी एक गंमत आहे. पांढरे कापड इपॉक्सीत भिजले की दिसेनासे होते आणि खालच्या सीडरचे रेषे उठून दिसतात. दोघांचे अपवर्तनांक जवळजवळ सारखे असल्याने प्रकाश मध्ये विखुरत नाही. वर्गात बोरोसिलिकेट काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवून हे दाखवता येईल.