सावंतवाडीचा गंजिफा

दशावतार म्हटला कीं मालवणी माणसाला जत्रेंतला रात्रभर रंगणारा खेळ आठवतो. सावंतवाडींत मात्र हेच दहा अवतार तळहातावर मावतात. तेथील गंजिफ्याचीं पानें वाटोळीं असतात. अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंत दहा पानें, एकूण १२०. अर्ध्या रंगांत दश्शा चढा, तर अर्ध्या रंगांत एक्का चढा. डाव दिवसा मांडला तर पहिला मान रामाचा, रात्रीं कृष्णाचा. एवढें ध्यानांत ठेवून खेळणाऱ्यास आळशी कोण म्हणेल?

खेळ मूळचा आपला नव्हे. इ. स. १५२७ सालीं बाबरानें सिंधकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तांत आहे. मोगली गंजिफ्यांत आठ रंग व ९६ पानें असत. त्यांचे दहा अवतार झाले ते आपल्या देशांत.

सावंतवाडींत हीं पानें रंगविणारे ते चितारी. थरावर थर चिकटवून पान ताठ करावयाचें, घोटावयाचें, मग बारीक कुंचल्यानें रंगवून वर लाखेचा हात द्यावयाचा. मत्स्याच्या दश्श्यावर दहा मासे काढावे लागतात, परशुरामाच्या दश्श्यावर दहा परशु. आणि पाठी अशा बेमालूम एकसारख्या हव्यात कीं पान पाठीवरून ओळखूं येतां कामा नये. छापील बावन्न पत्ते बाजारांत स्वस्त मिळूं लागल्यावर या मेहनतीला गिऱ्हाईक कोठून मिळणार?

१९४८ सालीं संस्थान विलीन झालें. राजाश्रय संपला म्हणजे कला संपावयाची, हा नेहमींचा क्रम. येथें तो उलटा झाला. श्रीमंत शिवरामराजे भोसले व बडोद्याच्या गायकवाड घराण्यांतून आलेल्या राणी सत्वशीलादेवी यांनी हातीं उरलेल्या एका वृद्ध चिताऱ्यापाशीं बसून ही विद्या स्वतः शिकून घेतली. पूर्वीचा धनी शागीर्द झाला, ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. पुढें १९७१ च्या सुमारास राजवाड्यांतच लाखकामाचा कारखाना उभा राहिला आणि दरबाराच्या दालनांत मानकऱ्यांच्या जागीं कारागीर बसूं लागले. नुसत्या पानांवर पोट भरेना, म्हणून तोच रंग आणि तीच लाख डब्या, तबकें व घरांतील इतर सामानावर चढली. शिवरामराजे १९९५ सालीं गेले, सत्वशीलादेवी २०१८ सालीं. काम घरानें चालू ठेवलें आहे.

परंतु श्रोतेहो, एक शल्य उरतेंच. आज पानें घेणारे बहुतेक जण तीं शोभेसाठीं घेतात. हातांत फिरावयाची वस्तु भिंतीवर गेली. कोणी म्हणेल, कला तरी वांचली! खरें आहे, शिवाय कारागिराची चूल पेटली, हेंहि थोडें नव्हे. तरी चौकटींतल्या दश्श्याला आपण चढे कीं उतरते, हें कोण सांगणार? चितारी मात्र अजून पुरे दहा मासे काढतो आणि सगळ्या पाठी तितक्याच काळजीनें सारख्या करतो, जणूं संध्याकाळीं डाव बसणारच आहे.