मोसम-आरमचा फड आणि वाघाडचे टेल

उसाच्या वाफ्यात पाणी चालू आहे आणि शेताचा मालक घरी निवांत आहे, ही गोष्ट आजच्या शेतकऱ्याला पटायची नाही. पाणी म्हटले की रात्र जागायची, वरच्याने दार मोडले का ते बघत पाटाच्या कडेने फिरायचे, शेजाऱ्याशी दोन शब्द वाजवायचे. पण नाशिक जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बागलाणात, मालकाने पाण्याला हातच लावायचा नाही असा रिवाज पिढ्यान् पिढ्या चालला. दारे धरायचे काम पाटकऱ्याचे. तो फावडे घेऊन एका कडेने निघे आणि ओळीत येईल ते शेत भिजवत पुढे जाई. हे शेत पाटलाचे, हे विधवेचे, हे भांडकुदळाचे, असा हिशेब त्याच्यापुढे नसे. या पद्धतीचे नाव फड.

नाशिक आणि धुळे जिल्ह्यांत मोसम, आरम आणि पांझरा या तीन नद्यांवर फड नांदले. मोसम आणि आरम बागलाणच्या डोंगरांतून येऊन गिरणेला मिळतात. गिरणा आणि पांझरा दोन्ही पुढे तापीला जातात. अभ्यासक या पद्धतीचे वय तीनशे ते चारशे वर्षे धरतात. म्हणजे मुल्हेरच्या किल्ल्यावर बागुल राजांची गादी होती, किंवा 1638 मध्ये मोगलांनी बागलाण घेतले, त्याच्या आगेमागे हिची मुळे सापडावीत. एकाच राजाच्या किंवा एकाच हुशार माणसाच्या नावावर मात्र ती लिहिता येत नाही, आणि मला वाटते त्यातच तिचे बळ आहे. राजवटी गेल्या, वसुलीचे धारे बदलले, पाटकरी मात्र फावडे घेऊन निघत राहिला.

भूगोलाने निम्मे काम करून ठेवले होते. साल्हेर-मुल्हेरकडून उतरणाऱ्या या नद्या चढाच्या मुलखातून येतात, खोरी अरुंद आहेत आणि नदीच्या पात्रात जागोजाग काळा खडक उघडा पडतो. अशा खडकावर दगड-चुन्याची बुटकी भिंत घातली की झाला बंधारा. पाणी साठवणे हा त्याचा हेतू नव्हता. वाहते पाणी थोडे उचलून काठाच्या पाटात वळवायचे, इतकेच. पुराचे पाणी भिंतीवरून निघून जाई, गाळही बराचसा त्याच्यासोबत जाई, म्हणून धरणे गाळाने भरतात तसा हा बंधारा भरत नसे. त्यापासून निघालेला पाट दोन ते बारा किलोमीटर लांब असे. पाटातून चाऱ्या फुटत, चाऱ्यांतून शेतात सारंग जात आणि जादा पाण्याला नदीकडे परत जायला सांडवे असत. सगळे उताराने चाले. ना मोट, ना इंजिन.

पाटाखाली भिजणाऱ्या जमिनीला थळ म्हणत. थळाचे साधारण चार तुकडे पाडलेले असत, तेच फड. एकेका फडाचा आकार दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत आढळतो, बहुतेक शंभर-सव्वाशेच्या घरातले. दरवर्षी गाव बसे आणि नदीचा रंग बघून ठरवी की यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू-हरभरा, कोणता पावसाच्या भरवशावर आणि कोणता पडीक. एका फडात एकच पीक. पुढच्या वर्षी फेरा फिरे. उसाच्या जमिनीला विश्रांती मिळे, ती चिबडत नसे, क्षार वर येत नसत. सगळ्या फडाला एकाच वेळी, एकाच मापाचे पाणी लागत असल्याने पाटकऱ्यालाही सलग भिजवत जाता येई.

आता या रचनेतली जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते तिच्याकडे येतो. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन चारही फडांत थोडी-थोडी वाटलेली असे. वरवर पाहता ही गैरसोयच. चार दिशांना चार पट्ट्या, बैल घेऊन इकडून तिकडे हिंडायचे. पण दुष्काळाच्या वर्षी याच गैरसोयीने गाव तारले. नदी आटली आणि पंचांनी एक फड पाण्यातून वगळला, तर प्रत्येकाची एक पट्टी वगळली जाई आणि प्रत्येकाची एक पट्टी भिजे. कुणी एक जण कायमचा वरचा नव्हता आणि कुणी एक जण कायमचा टेलचा, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचा, नव्हता. तुटीचा वाटा आपोआप सगळ्यांच्या ताटात पडे, म्हणून पंचांचा निर्णय मानायला दंडुक्याची गरज पडत नसे. पाटकरी, पाटावर नजर ठेवणारा जागल्या आणि वर देखरेखीला हवालदार, एवढ्या माणसांवर शेकडो एकर चालत. त्यांची मजुरी पूर्वी धान्याच्या रूपात शेतकरीच देत. हंगामापूर्वी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस जाई.

हीच व्यवस्था नदीच्या लांबीवरही लागू होती, पण तिथे काम निसर्गाकडे होते. एकाखाली एक बंधारे. वरच्या थळात मुरलेले पाणी पाझरून पुन्हा पात्रात येई आणि खालच्या बंधाऱ्याला मिळे. वरच्याची ओल हा खालच्याचा झरा होता. पावसाळा सरल्यावर या नद्या किती दिवस वाहतात हे डोंगरावरची झाडी आणि माती ठरवत असे. बंधाऱ्याला साठाच नसल्याने डोंगर उघडा पडला की पहिला फटका फडालाच बसे.

1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात एक तरुण अभियंता नाशिकला रुजू झाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. लवकरच त्यांना खानदेशात पाठवण्यात आले आणि पांझरेच्या खोऱ्यात दातर्तीजवळ एका ओढ्याखालून पाट नेणारी नळी बांधायचे काम त्यांच्या गळ्यात पडले. पुरात अडकत, वाळू उपसत त्यांनी ते पार पाडले. म्हणजे नोकरीची सुरुवातीची वर्षे त्यांनी फडाच्याच मुलखात काढली. पुढे पुण्याला पाटबंधाऱ्याचे काम पाहताना, विसाव्या शतकाच्या आरंभी, त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ‘ब्लॉक पद्धत’ मांडली. कालव्याचे पाणी मूठभर गावांत न मुरवता पुष्कळ गावांना द्यायचे, प्रत्येक गावात निवडक जमिनीचा ठरावीक गट आखायचा आणि गटात पिकांचा फेरपालट ठेवायचा. फड पाहिलेल्या माणसाला हे वर्णन ओळखीचे वाटल्याशिवाय राहणार नाही. फरक होता तो एकाच ठिकाणी, आणि तो मोठा होता. फडात पीक ठरवणारे पंच त्याच थळातले होते. ब्लॉक मंजूर करणारा साहेब कचेरीत होता.

पुढे तीच कचेरी वाढत गेली. शेतकऱ्याने पाणी मागायला सात नंबरचा फॉर्म भरायचा, पाटबंधारे खात्याने पाळी लावायची, आवर्तन सुटायचे आणि टेलपर्यंत पोचेतो पाट कोरडा व्हायचा. वर कालव्यात डोंगळे, म्हणजे चोरून पाणी ओढणारे पाइप, पडलेले असायचे. माती-पाण्याच्या कामाचेही तेच झाले. 1942 च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर मुंबई राज्यात शेतांवर बांधबंदिस्ती सुरू झाली, ती सरकारी आराखड्याने. बांध शेतकऱ्याच्या रानात होता, पण तो आपला आहे असे त्याला वाटायला फारसा वाव नव्हता.

याच सुमारास अमेरिकेत उलट्या बाजूने सुरुवात झाली, म्हणून तिचा उल्लेख करतो. 1930 च्या दशकात तिथल्या गवताळ मैदानांवरची नांगरलेली माती वादळांनी उडवून नेली. 1935 मध्ये ह्यू बेनेट यांच्या नेतृत्वाखाली मृदसंधारणाचे सरकारी खाते उभे राहिले, पण सरकारी माणूस खासगी शेतात किती शिरणार, हा पेच होता. 1937 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्व राज्यांच्या गव्हर्नरांना एक नमुना कायदा पाठवला. शेतकऱ्यांनी आपल्यातूनच मंडळ निवडावे आणि त्या मंडळाने आपल्या हद्दीतल्या माती-पाण्याचे काम ठरवावे. पहिले मंडळ नॉर्थ कॅरोलायनात बेनेट यांच्याच जन्मगावाच्या भागात झाले आणि त्याला तिथल्या ब्राउन क्रीक या ओढ्याचे नाव मिळाले. आज अशी जवळपास तीन हजार मंडळे आहेत. त्या पहिल्या मंडळात ओढा ही हद्द आणि शेतकरी हे पंच. मुल्हेरच्या पायथ्याशी राहणाऱ्याला त्यात नवे काही नव्हते.

नाशिकमध्ये हा धागा पुन्हा हाती आला तो फडाच्या मुलखात नव्हे, दक्षिणेकडे दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याचे टेल ओझरकडे येते. विमानांच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव कालव्याच्या पाण्याच्या बाबतीत कोरडेच होते. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि त्यांच्यासोबत भरत कावळे यांनी टेलच्या शेतकऱ्यांना एकत्र केले. 1990-91 च्या सुमारास तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा.

या संस्थांनी खात्याशी जो करार केला त्याचा गाभा होता मोजमाप. एकरावर पट्टी न आकारता चारीच्या मुखाशी पाणी मोजून घ्यायचे आणि घनमापाने पैसे भरायचे. पिकाची सक्ती नाही. मिळालेल्या पाण्यात शेतकरी द्राक्ष लावो की गहू. मोजून पाणी मिळू लागल्यावर ते वाया घालवणे खिशाला लागू लागले. मग दुसरी गोष्ट सुचली, जी मला फार शहाणपणाची वाटते. पाटाचे काही पाणी त्यांनी नाल्या-ओहोळांवरच्या छोट्या बंधाऱ्यांत सोडले. ते जमिनीत मुरले, विहिरींना पाझर फुटला आणि उन्हाळ्यात ज्या वेळी आवर्तन नसते त्या वेळी द्राक्षबागेला विहिरीचे पाणी मिळाले. विहीर खासगी असली तरी तिच्यातले पाणी संस्थेच्या पाण्यानेच भरलेले, म्हणून विहिरीवर भिजणाऱ्या शेतानेही संस्थेला पट्टी द्यायची. ज्या महाराष्ट्रात विहिरीचे पाणी ही वतनासारखी सांभाळायची वस्तू आहे, तिथे शेतकऱ्यांनी हा नियम आपल्यावर आपणच लावून घेतला.

टेलला पाणी पोचलेले बघून वरच्या गावांचे डोळे उघडले. एकेक करत कालव्यावर चोवीस संस्था झाल्या आणि 2003 मध्ये त्या सर्वांची मिळून प्रकल्प पातळीवरची संस्था झाली. धरणाच्या पायथ्यापासून शेवटच्या चारीपर्यंतचे वाटप शेतकऱ्यांच्या हाती आले. दोनच वर्षांनी, 2005 मध्ये, राज्याने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. त्यात संस्थेच्या संचालक मंडळावर मुखाच्या, मध्याच्या आणि टेलच्या शेतकऱ्यांना सारख्या जागा आहेत. फडात जमिनीच्या विखुरलेल्या पट्ट्यांनी जे साधले होते ते इथे जागांच्या वाटपाने साधायचा प्रयत्न आहे. जमीन पुन्हा विखुरता येत नाही, तेव्हा दुसरा मार्ग नव्हताच.

खुद्द बागलाणात फड मात्र थकले. विहिरीवर मोटर बसली आणि ज्याला त्याला आपापले पीक आपापल्या वेळी घेता येऊ लागले. डाळिंब आणि द्राक्षे चार वर्षांच्या फेऱ्यात बसत नाहीत. बाग एकदा लावली की ती त्याच जागी राहते. मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर धरण झाल्यावर नदीचे वाहणे खात्याच्या वेळापत्रकाला बांधले गेले. काही ठिकाणी बंधारे आणि पाट अजून चालू आहेत. पण गाव बसून यंदाचे फड ठरवते आहे हे दृश्य विरळ झाले. त्यासाठी शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. फडाने त्याला सुरक्षितता दिली होती, बाजाराने त्याला पैसा दाखवला.

माझी खंत वेगळी आहे. फड असो की वाघाड, दोन्हींची हद्द पाटापाशी संपते. पाटाच्या वर, जिथे पाणी पडते, तिथली गावे या संस्थांत नाहीत. त्र्यंबकेश्वर, इगतपुरीसारख्या तालुक्यांत पाऊस धो धो कोसळतो आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यांवरच्या बाया हंड्यांची रांग लावून टँकरची वाट बघतात. सलग समतल चर, माती नाला बांध ही कामे तिथे होतात, पण ती पाणलोटाच्या योजनेतून, वेगळ्या खात्याकडून, वेगळ्या वर्षी. योजना संपली की चर गाळाने भरतो, तो उपसायला घरटी माणूस जात नाही. जाईल कसा? त्या चरात मुरलेल्या पाण्यावर पिकणारी द्राक्षे त्याच्या मालकीची नाहीत.

खालच्या बाजूलाही हेच कोडे आहे. वाघाड हे पालखेड समूहातले धरण. खालच्या अंगाला असलेल्या जायकवाडी धरणात तूट असली की या समूहाच्या पाण्यावर मराठवाड्याचा हक्क सांगितला जातो. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा 2005 चा कायदा आणि त्यानंतरचा पाणीवाटपावरच्या मेंढेगिरी समितीचा अहवाल यांनी त्यासाठी 15 ऑक्टोबरचा साठा आणि जायकवाडीची 65 टक्क्यांची पातळी हे निकष आणले. नाशिकमधून पाणी सुटते तेव्हा इकडे मोर्चे निघतात, नाही सुटले की तिकडे निघतात. एका खोऱ्याचे मुख आणि टेल एकमेकांना कोर्टात भेटतात, कारण त्यांची बैठक व्हायला दुसरी जागाच नाही.

15 ऑक्टोबरला धरणातला साठा मोजला जातो आणि त्यावर रब्बीचे पाणी ठरते. वाघाडसारख्या संस्था त्या आकड्यावर आपली बैठक घेतात. त्या बैठकीत पाणलोटातल्या वरच्या पाड्यांना कायद्याने जागा द्यावी, मुख-मध्य-टेल यांच्या जोडीला चौथा वर्ग म्हणून. गोळा होणाऱ्या पाणीपट्टीतला ठरलेला हिस्सा चर उपसायला, झाडे राखायला आणि त्याच पाड्यांच्या पिण्याच्या विहिरींना जावा, आणि तो कसा खर्च झाला याचा हिशेब टेलच्या शेतकऱ्यापुढे वाचला जावा. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या कायद्यात त्यासाठी दुरुस्ती करावी लागेल. सुरुवात वाघाडच्या खोऱ्यापासून करता येईल, कारण मोजून पाणी घ्यायची आणि हिशेब मांडायची सवय तिथे तीस वर्षांहून अधिक काळ आहे.