राउळांच्या गावात एक दुपार

चाकणच्या चौकात अडकलेले कंटेनर तिथेच राहू द्या. मोबाइल, घड्याळ, चपला काढा आणि चला माझ्याबरोबर 750 वर्षं मागे, वऱ्हाडातल्या ऋद्धिपुरात.

चटका बसला ना? काळी माती तापून भेगाळली आहे. भिंतीच्या सावलीतून चाला. शेणाने सारवलेल्या अंगणाचा वास, चुलीचा धूर, घामेजलेले बैल, आत कुठेतरी जात्याची घरघर. भूक लागली असेल तर भाकरी आणि ताक मिळेल. मिरची मागू नका, ती अजून या देशात आलेलीच नाही. बटाटा, टोमॅटोही नाही. तिखट हवंच असेल तर मिऱ्याचा दाणा चावा.

गलका ऐकलात? बाजूला सरका. पोरांचा घोळका येतोय, आणि त्यांच्या मधोमध गोविंदप्रभू. गाव त्यांना 'राउळ' म्हणतं. ते स्वतःशीच बोलतात. मध्येच हसतात, मध्येच रागावतात, चालता चालता वाट बदलतात. तुमच्या नमस्काराला उत्तर येईलच असं नाही. वाईट वाटून घेऊ नका. चला त्यांच्या मागे.

देवळात शिरले. गार दगड, तेलाचा वास, घंटेचा घुमणारा नाद. लोक हात जोडून उभे आहेत, आणि राउळ मूर्तीशी खेळताहेत. तिथून निघाले ते थेट एका घरात, चुलीपाशी. बोलावणं नाही, विचारणं नाही. घरातल्या बाईने दार लावून घेतलं नाही. काय हवंय ते विचारलं, ताट मांडलं. आता थेट गावकुसाबाहेर. जन्माने ब्राह्मण असलेला हा माणूस ज्यांना शिवायचं नाही त्यांच्या घरी जाऊन जेवतो. मागे कुजबुज सुरू झाली, ऐका. कुणी वेडा म्हणतं, कुणी चिडतं. अडचण आली की तेच लोक त्यांना आई म्हणतात, बाप म्हणतात. मातंगांना पाणी नव्हतं, तेव्हा विहिरीची जागा राउळांनीच दाखवली, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं आहे.

हे चरित्र लिहिणारा माणूसही इथेच, गर्दीत आहे. म्हाइंभट. राउळ हे महानुभाव पंथ सुरू करणाऱ्या चक्रधरस्वामींचे गुरू. स्वामी निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याबरोबर म्हाइंभटही राउळांच्या सेवेला इथे आले. पंडित माणूस, पण पुढे लिहिताना त्यांनी राउळांना शहाण्यासुरत्या साच्यात बसवलं नाही. हट्ट, रुसवे, पुटपुटणं, चमत्कार, सगळं शेजारी शेजारी ठेवलं.

महानुभावांसाठी राउळ परमेश्वराचा अवतार आहेत. त्यांना ऑटिझमसारखं आजचं निदान चिकटवायला मी तुम्हाला इथे आणलेलं नाही. तसं निदान असलेल्यांसाठी आधार काही जण इटलीतल्या संत जोसेफ ऑफ क्युपर्टिनोमध्ये शोधतात. 1603 साली जन्मलेला हा मुलगा तोंड उघडं टाकून बघत बसे, म्हणून पोरं चिडवत. भांडी हातातून पडतात, सांगितलेलं विसरतो, म्हणून कॅपुचिन मठाने त्याला घालवून दिलं. पुढे त्याला संतपद मिळालं, आणि आज ऑटिझम असलेल्यांचा कैवारी म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

तुम्हाला दाखवायचं होतं ते हे गाव. फार थोर नाही ते. इथे शिवाशिव आहे, टोमणे आहेत. तरीही न समजणाऱ्या माणसासाठी इथे ताट मांडलं जातं, आणि पोरं त्याच्याभोवती खेळतात.

चला, परत. निगडीच्या बसमध्ये एखादा मुलगा हात फडफडवत तेच ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असेल. त्याच्या आईला सल्ला देऊ नका, त्याच्याकडे टक लावून बघू नका. सरकून बसा, जागा करून द्या. तेराव्या शतकातल्या एका खेड्याला जमलं ते आपल्या शहराला जमायलाच हवं.